‘स्पाइस गर्ल्स’च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची अस्सल प्रत कशी पारखून घ्यावी

नोव्हेंबर 2007 मध्ये, ‘स्पाइस गर्ल्स’ या ब्रिटिश गायिकांच्या गटातील पाचही जणी पुन्हा एकत्र येऊन दौऱ्यावर निघण्याच्या तोंडावर, त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा हा संग्रह बाजारात आला. आपल्याला त्याची कोणती आवृत्ती हवी, हे आधी ठरवावे. नुसते ऐकायचे असेल तर एका सीडीची साधी प्रत पुरते. जुन्या गाण्यांबरोबर ‘हेडलाइन्स’ आणि ‘वूडू’ ही तेव्हाची दोन नवी गाणीही तिच्यात आहेत. ज्यांना व्हिडिओ हवेत त्यांनी सीडी आणि डीव्हीडीची जोडी घ्यावी, पण डीव्हीडीवरचा रीजन कोड, म्हणजे ती कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारा आकडा, पाहूनच, कारण ब्रिटनचा कोड 2 आणि भारताचा 5 आहे. 2019 ची पिक्चर डिस्क, म्हणजे चित्र छापलेली रेकॉर्ड, भिंतीवर शोभते. अशा रेकॉर्डमध्ये खरखर जास्त येते.

खरी जोखीम आहे ती हा मूळ संग्रह, रीमिक्स, कॅराओके आणि डीव्हीडी अशा चार तबकड्यांच्या पेटीत. माझी पहिली पेटी मी ‘सीलबंद’ म्हणून घेतली होती. वेष्टन फाडले, चारही तबकड्या जागच्या जागी दिसल्या, मी खूश झाले. आणि दुसऱ्या दिवशी कॅराओकेची तबकडी उन्हात उलटी धरली, तर तिच्यावर हिरवट झाक. कुणीतरी संगणकावर कॉपी करून वर सुबक लेबल चिकटवले होते. प्लास्टिकचे वेष्टन पुन्हा चढवण्याचे यंत्र कुणालाही विकत मिळते, तेव्हा ‘सील आहे म्हणजे माल अस्सल’ हा सल्ला देणाऱ्याने बहुधा स्वतःचे पैसे कधी घालवलेले नसतात.

म्हणून तबकडीच वाचायला शिकावे. तिच्या खालच्या बाजूस, भोकाच्या बाहेर पारदर्शक प्लास्टिकचे कडे आणि त्यापलीकडे आरशासारखा अरुंद पट्टा असतो. त्या पट्ट्यावर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कारखान्याने तबकडीवर उमटवलेला ओळख क्रमांक, आणि ‘आयएफपीआय एल’ने सुरू होणारा बारीक संकेत असतो (आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना); पारदर्शक कड्यात साच्याचा दुसरा ‘आयएफपीआय’ संकेत उमटलेला असतो. हे संकेत 1994 पासून वापरात आहेत, त्यामुळे 2007 च्या तबकडीवर दोन्ही नसतील तर मी ती घेत नाही. सुरुवातीला मी ट्यूबलाइटखाली तबकडी सरळ धरून बसत असे आणि मला स्वतःच्या नाकाखेरीज काही दिसत नसे. खोलीत अंधार करावा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने धरावा आणि तबकडी सावकाश तिरकी करावी. अक्षरे आपोआप उजळतात. मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे खोक्यावरचा बारकोड नव्हे, या घोटाळ्यात मी एक अस्सल प्रत परत पाठवून बसले आहे. चारही तबकड्यांच्या या पट्ट्यांचे फोटो विक्रेत्याकडे मागावेत आणि त्यावरचे क्रमांक ‘डिस्कॉग्स’ या रेकॉर्ड-सीडींची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळावरील नोंदींशी ताडून पाहावेत. फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर भाव कितीही उतरला तरी व्यवहार तिथेच सोडावा.

पैसे देणे, पार्सल सोडवणे हे ज्याचे त्याला कळते. पुसताना मऊ कापड मध्यापासून काठाकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. कोकण-मुंबईकडच्या पावसाळ्यात पुस्तिकेची गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटतात, म्हणून जूनआधीच ती पेटीतून काढून सिलिका जेलच्या पुडीसह वेगळ्या बंद पाकिटात ठेवावी.