बन्सी गव्हाचा ओरेक्किएत्ते

दक्षिण इटलीतल्या पुलियाचा हा कानाच्या पाळीसारखा पास्ता अंड्याविना होतो. लागतो ड्युरम गहू, आणि आपला बन्सी त्याच जातीचा.

२०० ग्रॅम चाळलेल्या बारीक रव्यात १०० मिली कोमट पाणी थोडंथोडं घालून १० मिनिटं मळा. रवा जाड असला तर गोळा चिरतो. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. वैशाखात फडकं दोनदा भिजवावं लागतं. बोटाएवढी वळी करून १ सेंमीचे तुकडे कापा, बोथट सुरीनं पाटावर ओढा, अंगठ्यावर उलटे करा. पाट लाकडीच हवा. गुळगुळीत ओट्यावर पास्ता खरखरीत होत नाही, मग रस्सा निसटतो.

१ लिटर उकळत्या पाण्यात १० ग्रॅम मीठ टाकून ५ मिनिटं शिजवा. लसूण-टमाटरच्या रश्श्यात हेच पाणी पळीभर घाला. वरून सब्जाची ताजी पानं. सांबार म्हणजे कोथिंबीर नको, तर्री तर नकोच.