माळावर बिळं मोजताय? या चुका टाळा

रात्री हिंडणारा उंदीर, जसा माळावर बिळं करणारा जर्बिल, दिसत नाही, म्हणून त्याची बिळं मोजून त्याला कसली जागा मानवते ते ठरवायचं, इथवर ठीक. पण बालाघाटच्या माळांवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत दरवर्षी त्याच गफलती असतात.

सगळ्यात मोठी म्हणजे जेवढी बिळं दिसली तेवढीच आहेत असं धरणं. पाटोद्याकडच्या एका माळावर दोन पोरांनी दसऱ्यानंतर मोजणी केली. एकीकडे मेंढ्यांनी बुडापर्यंत खाल्लेलं रान, दुसरीकडे राखलेलं कुरण, त्यात कमरेएवढी कुसळी. चरलेल्या रानात बिळंच बिळं, कुरणात जवळपास नाहीतच. निष्कर्ष तयार: जर्बिलला उघडी जमीन आवडते! म्हटलं, गवत कापलं की परत जा. कापणी झाली आणि कुरणातही बिळं निघाली.

"सर, मधल्या काळात नवी पाडली असतील."

अरे, वाकून बघा की. बिळांच्या कडा पावसानं झिजून गोल झालेल्या, आणि पहिल्या मोजणीनंतर पाऊस पडलेलाच नाही.

मी दोरी टाकतो, काठीनं गवत फाकवत तिच्या दोन्ही अंगांनी चालतो, गवताची उंची दर ठिकाणी लिहितो. बीळ न सापडलेल्या जागेचीही तेवढीच नोंद घेतो. वेळ लागतो. दुपारची एसटी गाठायची घाई असेल त्यांनी गावातल्या कबुतरांवर प्रकल्प घ्यावा.

एक तोंड म्हणजे एक प्राणी, हा हिशेब तर सोडाच. जर्बिलच्या एका घराला अनेक तोंडं असतात, त्यातली काही ओसाड. शेतकरी संध्याकाळी बिळं बुजवतात आणि सकाळी उकरलेली दिसतील ती जिवंत धरतात. मी कुणाचं घर बुजवत नाही, तोंडावर दोन-तीन वाळक्या काड्या आडव्या ठेवतो. मात्र काडी पडली म्हणजे तोच प्राणी आला असं नव्हे. आयत्या बिळावरचे नागोबाही काड्या पाडतात, तेव्हा हात घालून खात्री करू नका.

भोक बघून जात सांगणारे वेगळेच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंडवर धोक्यात आलेला उड्या मारणारा उंदीर ज्या वाळूत बीळ करतो, त्याच वाळूत दुसरा छोटा उंदीरही करतो. आपल्याकडे सिंहगडावरचा कोंढाणा उंदीर, १९७५ साली विज्ञानाला कळलेला आणि आज संकटग्रस्त, अन् शेतातला मऊ केसांचा मेलटाडा एकाच मिलार्डिया वंशातले. मराठवाड्यात बिळाचा फोटो काढून 'कोंढाणा सापडला' म्हणणारे मला भेटलेत. वन विभागाची परवानगी काढा, मग कॅमेरा किंवा पिंजरा लावा.

एप्रिलमध्ये काळ्या रानातल्या भेगा बिळं म्हणून मोजू नका. आणि फक्त सडकेच्या कडेनं फिरून 'मुरमाड जमीन पसंत' असं लिहू नका. सडकेसाठी मुरूम माणसांनीच आणून टाकलेला असतो.