टेनर बँजो: मोकळ्या तारा सुरात, वरचे सूर चढे

डब्लिनच्या सेशनला (आयरिश लोकसंगीताच्या बैठकीला) बँजोच्या चार तारा जीडीएई (G-D-A-E) या सुरांत लावून बसायचो, मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर, पण मानेवरच्या सातव्या फ्रेटच्या (आडव्या पट्टीच्या) वर गेलो की शेजारच्या फिडलपेक्षा (व्हायोलिनपेक्षा) माझा सूर चढाच. तारा बदलल्या, बोटाचा दाब कमी केला, महिनाभर अगदी रडकुंडीला आलो.

बँजोचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, चिकटवलेला नसतो, नुसत्या तारांच्या दाबाने उभा असतो, तो माझा मानेकडे सरकला होता, म्हणून वरचे सूर चढत होते!

आधी तारा नीट सुरात लावा. मग ई तारेवर बाराव्या फ्रेटला हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडलेला सूर) वाजवा, लगेच तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर तारा थोड्या ढिल्या करून ब्रिज टेलपीसकडे (तारांची टोकं अडकवलेली असतात तिकडे) केसभर सरकवा, उतरा असेल तर मानेकडे. परत सुरात लावा, परत तपासा. मग ‘जी’ (G) तार तशीच तपासा, तिच्यासाठी ब्रिज किंचित तिरका झाला तरी चालतो. शेवटी ब्रिजच्या पायांभोवती पेन्सिलची खूण.