जीपीएस बंद केल्यावर कळलं

ड्रोन उडवायच्या प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी सरांनी ड्रोनला जागेवर धरून ठेवणारा जीपीएस बंद केला आणि म्हणाले, "आता धर एका जागी." तोवर आपल्याला ड्रोन येतो, असंच मी समजत होतो. रिमोटची स्टिक सोडली की गडी हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा राहायचा. आता मात्र तो वाऱ्याबरोबर बांधाकडे निघाला. उंची तेवढी राखली, कारण ती हवेच्या दाबावरून धरली जाते. त्यात ड्रोनचं तोंड माझ्याकडे, म्हणजे डावं-उजवं उलटं. मी डावीकडे दाबलं, तो माझ्या उजवीकडे पळाला. सरांच्या हातात दुसरा रिमोट होता म्हणून वाचला.

ड्रोननं फवारणी करायच्या या धंद्यात येऊ बघणारी पोरं मला पहिलं विचारतात, "दादा, कुठला ड्रोन घेऊ?" मी म्हणतो, आधी लॅपटॉपवर सिम्युलेटर, म्हणजे खोटा ड्रोन उडवायचा प्रोग्राम, टाक आणि तोंड आपल्याकडे ठेवून उडवायला शीक. तिथं शंभरदा पाडलास तरी पंख्याचा खर्च नाही.

ड्रोन उडतो कसा, हे एकदा नीट समजून घ्या. विमानासारखी शेपटी नाही, हलणारे पंख नाहीत. सगळा खेळ मोटरींच्या वेगाचा. चारपैकी दोन पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलटे, नाहीतर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरत बसेल. उजवीकडे जायचं तर डावीकडच्या मोटरी जोरात फिरतात. हे गणित आतला फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनमधला छोटा कॉम्प्युटर, सेकंदाला शेकडो वेळा करतो. बदललेला पंखा उलट्या दिशेचा बसला, तर उड्डाण घेतानाच ड्रोन कलंडतो. हे मी स्वतःच्या हातानं करून पाहिलंय.

पैसा खरा जातो बॅटरीत. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. काही दिवस उडवायचं नसेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवायचा. पहिल्या दिवाळीला मी दोन बॅटऱ्या भरून कपाटात ठेवल्या आणि गावी गेलो. आठवड्यानं बघतो तर पुरीसारख्या फुगलेल्या! फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, भोकही पाडायचं नाही, पेट घेते. उतरल्या उतरल्या गरम असताना चार्जिंगलाही लावायची नाही. शेतात मात्र नेमकी तीच घाई असते, कारण औषधाची दहा लिटरची टाकी घेऊन ड्रोन दहा-पंधरा मिनिटंच उडतो. म्हणून बॅटऱ्यांचे चार-पाच संच आणि जनरेटर गाडीत लागतोच. जुना ड्रोन घेणार असाल तर बॅटऱ्या किती वेळा चार्ज झाल्यात, ते आधी विचारा. रंगरूप नंतर.

ड्रोनचे सरकारी नियम २०२१ चे आहेत आणि वाटतात तेवढे अवघड नाहीत. वजनावरून वर्ग ठरतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तर लागत नाही; पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग केलंत तर लागतं. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास, आणि डीजीसीएची (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. गफलत इथं होते: ते वजनाच्या वर्गानुसार मिळतं. माझ्या ओळखीच्या एकानं मायक्रोचं केलं, मग फवारणीचा ड्रोन घेतला. भरलेल्या टाकीसकट तो स्मॉलमध्ये जातो. परत फी भरली. उडवण्याआधी सरकारी हवाई नकाशा बघायचा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाजवळ ही मर्यादा खाली येते. पिवळ्या-लाल पट्ट्यात विचारल्याशिवाय उडवायचं नाही.

कामं फवारणीपलीकडेही आहेत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननं झाली. मोजणीत ड्रोन ठरवलेल्या रेषांवर आपोआप फिरतो. डोकं लागतं ते नंतर फोटो जुळवून नकाशा करताना. ज्याला कॉम्प्युटरसमोर बसायचा कंटाळा नाही, त्यानं तिकडे वळावं. फवारणी हंगामी आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मी फवारणीतच रमलो. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणारा गडी मिळत नाही, तिथं ड्रोनला मागणी आहे. शेतात गेल्यावर मी आधी बांधाबांधानं एक चक्कर मारतो. विजेची तार आभाळाच्या उजेडात दिसत नाही, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे, असं धरूनच चालायचं.

आणि वारा. मागच्या हंगामात आमच्या सांगलीकडच्या एका काकांना लहान उसात तणनाशक मारून हवं होतं, टू-फोर-डी. शेजारी दुसऱ्याची द्राक्षबाग, वारा बागेकडे. हे औषध उसाला चालतं, द्राक्षाच्या पानाला नाही, आणि ड्रोनचे थेंब इतके बारीक की कुठवर जातील, याचा भरवसा नाही. मी नाही म्हणालो. "एवढी गाडी घेऊन आलास आणि हात हलवत जाणार?" काका तापले. डिझेल अंगावर पडलं. शेवटी त्यांनी दोन माणसं लावून पंपानं मारून घेतलं. पुढं उसावरच्या लोकरी मावा किडीच्या फवारणीला त्यांचाच फोन आला. बागवाल्यानंही नंबर मागून घेतला होता म्हणे.