यूजीडी (जमिनीखालची मैल्याची लाइन) तुंबलंय हे तक्रारीचा फोन यायच्या आधी कसं ओळखायचं

पहिलं म्हणजे लगेच सेन्सर घेऊ नका. आधी चेंबरची (मॅनहोलची) झाकणं उघडून लाइन कुठनं कुठं जाते ते बघा, आमच्या बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत नकाशातलं चेंबर डांबराखाली गेलेलं असतंय, ते सापडल्याशिवाय वर कितीबी भारी सॉफ्टवेअर बसवा, उपयोग शून्य.

मग जिथं दर पावसाळ्यात मैला वर येतो तिथल्या लागोपाठच्या दोन चेंबरांत लेव्हल सेन्सर (पाण्याची उंची मोजणारं यंत्र) लावा. दोनच का, तर एकटा सेन्सर पाणी चढलंय एवढंच सांगतो. वरचं (मैला येतो त्या बाजूचं) चेंबर चढतंय आणि खालचं उतरतंय म्हणजे मधे तुंबलंय, जेटिंगची (जोराच्या पाण्यानं लाइन मोकळी करायची) गाडी तिथंच न्यायची. दोन्ही चढत असतील तर अडचण पुढं हाय, आधी वेटवेलचा (मैला साठवून पुढं पंप करायच्या विहिरीचा) पंप चालू हाय का बघा.

सेन्सर वरनंच ब्रॅकेटला टांगा, माणूस आत उतरवू नका, आत गॅस असतो की ओ. अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी मोजणारा) सेन्सर स्वस्त पडतो पण फेसाला, जाळ्याला फसतो (आम्ही एकदा रात्री दोनला गाडी घेऊन पळालो, आत पाणी घोट्याएवढं आणि सेन्सरच्या तोंडावर कोळी बसलेला!). बजेट असलं तर रडार घ्या.

पहिले १५ कोरडे दिवस अलार्म नको, नुसतं रीडिंग घ्या. सकाळी आंघोळी-धुण्याला लेव्हल चढते, पहाटे तीनला तळाला जाते, आणि नळाला पाणी सोडायच्या दिवशीचा ग्राफ वेगळाच येतो, तो वेगळा धरा नाहीतर दर पाळीला खोटा अलार्म वाजेल.

आता पाऊस. जवळच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवा. सर आली आणि तासाभरात लेव्हलनं उडी मारली तर कुणीतरी गच्चीची पाइप चेंबरात सोडलीय, यूजीडी मैल्यासाठी असते, पावसाचं पाणी गटारीत जायला पाहिजे. चेंबरात टेस्टिंगचा धूर सोडा, ज्याच्या पन्हळीतनं निघेल त्याचं घर सापडलं. पाऊस थांबूनही लेव्हल चार-चार दिवस उतरत नसेल तर फुटक्या जॉइंटातनं जमिनीतलं पाणी शिरतंय, तिथं कॅमेरा घाला.

पंपाला शेवटी हात लावा. मोठा पाऊस यायचाय असं दिसलं की वेटवेल आधीच खाली करून ठेवायची, पुढची लाइन भरलेली असली तर वरच्या वेटवेलमधे जागा असेपर्यंत तिथले पंप थोडे थांबवायचे. पंपाचे अँपिअरपण त्याच स्क्रीनवर घ्या. नेहमीपेक्षा वाढले की इंपेलरला (पंपाच्या आतल्या फिरत्या पात्यांना) काहीतरी गुंडाळलंय समजा, आमच्याकडं कायम साडीचा काठच निघतो.