जुना फेंडर चॅम्प घुमतोय? ट्यूब मागवायच्या आधी या चुका टाळा

माझा चॅम्प, म्हणजे फेंडरचा छोटा गिटार अँप्लिफायर, सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलचा), सत्तरच्या दशकातला. दादाने न्यू जर्सीत एका गराज सेलमधून उचलला आणि दोन रजयांत गुंडाळून पुण्याला आणला. जेमतेम ६ वॅट, ८ इंची स्पीकर, आत तीनच ट्यूब (व्हॉल्व्ह): सुरुवातीची १२एएक्स७, स्पीकर चालवणारी आउटपुट ट्यूब ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारी ५वाय३ रेक्टिफायर. आल्या दिवसापासून नुसतं घुंईंईं, गिटार लावा नाहीतर नका लावू. मी काय केलं, तर सरळ नवीन ट्यूब मागवल्या. त्यातही ६व्ही६ची मॅच्ड पेअर गळ्यात मारून घेतली, अँपमध्ये ती एकच लागते हे माहीत असून! नवी लावली, घुंईंईं तसंच.

ट्यूब हाताने काढता येते म्हणून सगळे आधी तिच्यावरच संशय घेतात. त्यापेक्षा आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला तर भानगड गिटारमध्ये, केबलमध्ये नाहीतर पहिल्या स्टेजमध्ये आहे. तसाच राहिला तर अँप बंद करा, १२एएक्स७ गार झाली की काढा आणि परत चालू करा, तरी घुमतोय म्हणजे बहुतेक वेळा फिल्टर कॅपॅसिटर (रेक्टिफायरनंतरचा डीसी गुळगुळीत करणारे) गेलेत, आणि पन्नास वर्षांनी ते जाणारच की. कानाने ओळखायची एक युक्ती आहे. सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट वाजवा, तो जी ९८ हर्ट्झचा असतो. फिल्टरचा हम (म्हणजे हे घुंईंईं) आपल्याकडे १०० हर्ट्झचा, म्हणजे जवळपास त्याच सुरात. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५०चा, मग अर्थिंग किंवा हीटरची (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची) वायरिंग बघा. आणि हो, चॅम्पमध्ये आउटपुट ट्यूब एकच असल्याने अगदी बारीक गुणगुण राहतेच, तिच्या मागे लागू नका.

कॅपॅसिटर घेताना "मोठा तो चांगला" म्हणून १०० मायक्रोफॅरडचा लावू नका, ५वाय३ला चालू होताना एवढा करंट झेपत नाही. २०च्या आसपासच ठेवा. पण व्होल्टेज मात्र ५००चं घ्या, कारण ५वाय३ लगेच तापते आणि ६व्ही६ला थोडे सेकंद लागतात, तोपर्यंत लोडच नसतो आणि व्होल्टेज नेहमीपेक्षा बरंच वर जातं. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मला ४५०चेच दाखवत होते, "चालतंय हो" म्हणत. नाही घेतले. आणि एकदा सोल्डरिंग गन हातात आली म्हणून बाकीचे चांगले पार्टही उपटत सुटू नका, जुना टोन त्यांच्यातच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लग काढला म्हणजे अँप मेला असं नाही. ट्यूब जागेवर आणि गरम असताना बंद केला तर चार्ज त्यांच्यातूनच बराचसा उतरतो, पण ६व्ही६ काढलेली असेल तर उतरायला वाटच राहत नाही. मी असाच एकदा ६व्ही६ काढून चालू केलेला, बंद केल्यावर अर्ध्या तासाने मीटर लावला तर २००च्या वर व्होल्ट! त्या दिवसापासून १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर क्रोकोडाइल क्लिपने चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) जोडून आधी कॅपॅसिटर उतरवतो, मग मीटरने खात्री करतो, आणि दुसरा हात खिशात. यातलं काही कळलं नसेल तर प्लीज जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या मेकॅनिककडे जा, लाजू नका.

पॉवरचं बघा. अमेरिकन अँप सरळ २३०वर लावला तर फ्यूज तरी उडेल नाहीतर ट्रान्सफॉर्मर. स्टेपडाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागतोच, पण तो आपल्या ५० हर्ट्झचे अमेरिकेतले ६० करत नाही आणि ५०वर जुना ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, म्हणून १२०पेक्षा ११०वाला बरा. रात्री लाइन २५०ला चढली की ११०वाल्यातूनही ११९-१२० येतात, तेव्हा मीटर लावून बघा. अजून एक, दोन वायरचा जुना कॉर्ड बदलून तीन पिनांचा लावायचा आणि मग तो दोन भोकांच्या स्टेपडाऊनमध्ये खुपसायचा, हे मी स्वतः महिनाभर केलंय, अर्थिंग शून्य. त्या काळच्या बऱ्याच अँपमध्ये मेन्सपासून चासीला एक कॅपॅसिटर असतो, त्याला डेथ कॅप म्हणतात. तो शॉर्ट झाला तर करंट थेट गिटारच्या तारांवर. कॉर्ड बदलताना तो काढूनच टाका.

६व्ही६च्या जागी ६एल६ बसते म्हणून लावू नका, तिचा हीटर दुप्पट करंट खातो, ०.४५च्या जागी ०.९ अँपिअर. ५वाय३च्या जागी ५यू४चंही तेच, २ ऐवजी ३.

स्पीकर काढून अँप कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. रात्री वाजवायला म्हणून कुणी स्पीकरच्या जागी हेडफोन लावतात, तेही नको, हेडफोन तर जाईलच, कानही जातील. ६ वॅट म्हणजे हळू असंही समजू नका, ३ वॅटवर आणला तरी फक्त ३ डेसिबलने कमी होतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हे मला डेसिबलचं गणित न मांडता समजावलंय.