शाळेच्या ग्रंथालयात क्यूआर कोड कसे वापरावेत?

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांमुळे क्यूआर कोड आपल्या मुलांना नवा नाही. ग्रंथालयात तो लावण्याआधी मात्र एक गोष्ट ठरवा: कोड उघडल्यावर मुलाला मिळणार काय? पुस्तकाची माहिती मलपृष्ठावर छापलेलीच असते. त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलाने ‘मला हे का आवडलं’ हे स्वतःच्या आवाजात सांगितलेलं ऐकायला मिळालं, तर ते पुस्तक कपाटातून नक्की बाहेर येतं.

१. पुस्तकं निवडा. सगळ्या कपाटांना एकदम हात घालू नका. देवघेव रजिस्टर चाळा आणि चांगली असूनही कुणी न नेलेली वीसेक पुस्तकं बाजूला काढा.

२. आवाज ध्वनिमुद्रित करा. साधा मोबाइल पुरतो, दोन मिनिटं पुरतात. मुलाला लिहून आणायला सांगू नका. ते वाचून दाखवू लागलं की सगळा जीव जातो. पुस्तक त्याच्या हातात द्या आणि विचारा, ‘कुठल्या पानावर हसू आलं? कुठे भीती वाटली?’ अट एकच, शेवट फोडायचा नाही. मूल अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत बोललं तर बोलू द्या, कृपा करून सुधारू नका. पालकांची परवानगी घ्या. फोटो, आडनाव टाकू नका.

३. फाइल शाळेच्या खात्यात ठेवा. गूगल ड्राइव्हवर शाळेच्या नावाचं खातं असावं. शिक्षकांच्या खासगी खात्यात ठेवलं, तर बदली झाली की कोड निकामी होण्याची भीती. फाइलला पुस्तकाचा दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीतला त्याचा क्रमांक, द्या आणि लिंक असलेल्या कुणालाही ती ऐकता येईल अशी परवानगी ठेवा.

४. कोड तयार करा. ड्राइव्हवरची लिंक कॉपी करून क्रोम ब्राउझरमध्ये उघडा. त्याच्या शेअर पर्यायात क्यूआर कोड मोफत बनतो आणि तो ‘स्टॅटिक’, म्हणजे थेट तुमच्या लिंकचाच असतो. काही संकेतस्थळं ‘डायनॅमिक’ कोड देतात. तो आधी त्यांच्याकडे जातो, मग तुमच्या फाइलकडे. त्यांची मोफत मुदत संपली की तुमचा कोडही बंद पडू शकतो.

५. छापा आणि चिकटवा. पांढऱ्यावर काळा, निदान दोन सेंटिमीटरचा, चारही बाजूंना कोरी जागा सोडून. पुस्तकाच्या कण्यावर लावू नका; वळलेल्या कागदावर कॅमेरा अडखळतो. मुखपृष्ठाच्या आतली सपाट बाजू उत्तम. चकचकीत टेप नको, उजेड परावर्तित होतो. कोडखाली दाखल क्रमांक लिहा.

६. ऐकायची सोय करा. मुलांना घरून फोन आणायला सांगू नका. ग्रंथालयाच्या टेबलावर शाळेचा एक टॅब आणि हेडफोन ठेवा. इंटरनेट नसेल तर कोडमध्ये थेट मजकूरच भरता येतो, पण दोन-तीन ओळीच. अक्षरं साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेतं, त्यामुळे मजकूर वाढला की कोडमधल्या चौकोनांची जाळी दाट होते आणि स्कॅन होत नाही.

दर जूनमध्ये, शाळा उघडली की सगळे कोड एकदा स्कॅन करून पाहा. हे काम सातवी-आठवीच्या मुलांकडे सोपवा, आणि त्याच वेळी नव्या आवाजांसाठी पुढची पुस्तकंही त्यांनाच निवडू द्या.